नव्वद खुर्च्यांची मैफल : बॉबी शॉर्ट आणि कॅबरे गायकाचा पेशा

‘कॅबरे’ हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला की डोळ्यांपुढे जुन्या हिंदी चित्रपटातला खलनायकाचा अड्डा उभा राहतो : फिरते दिवे, पिसांचा मुकुट घातलेली नर्तिका आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कुजबुजणारे तस्कर. प्रस्तुत लेख ज्या कॅबरेविषयी आहे त्याचा या दृश्याशी संबंध टेबलांपुरताच आहे. हा शब्द फ्रेंच असून १८८१ साली पॅरिसच्या मोंमार्त्र भागात ‘ल शा न्वार’ नावाचे मद्यगृह निघाले, तेव्हापासून कवी आणि गायक जिथे गिऱ्हाइकांच्या पुढ्यात आपली कला सादर करतात अशा जागेला तो चिकटला. न्यूयॉर्कमध्ये पुढे त्याला जो अर्थ आला तो असा : खाण्यापिण्याची सोय असलेली एक लहान खोली, तीत एक पियानो, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या श्रोत्यांसाठी गाणारा एक माणूस. पियानो वाजवणारा आणि गाणारा माणूस एकच असेल तर तो या पेशाचा सर्वांत नेटका नमुना ठरतो.

अशा माणसांपैकी बॉबी शॉर्टची कारकीर्द समजून घेतली तर हा पेशा चालतो कसा, हे बऱ्यापैकी उलगडते. मॅनहॅटनमध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू आणि ७६ वा रस्ता जिथे मिळतात तिथे कार्लाइल हे हॉटेल आहे आणि त्याच्या तळमजल्यावर ‘कॅफे कार्लाइल’. १९६८ साली तिथला नेहमीचा पियानोवादक, मूळचा हंगेरीचा जॉर्ज फेयर, रजेवर गेला आणि त्याच्या जागी दोन आठवड्यांसाठी शॉर्टला बोलावण्यात आले. दोन आठवड्यांची ही बदली २००४ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे चालली. आपल्याकडच्या कुठल्याही बदली कर्मचाऱ्याला हेवा वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

हिशेबी नजरेने पाहिले तर ही कारकीर्द जमायलाच नको होती. शॉर्टची ओळख संगीतकार किंवा गीतकार म्हणून नव्हती. तो दुसऱ्यांची गाणी गात असे. त्याचा आवाज कंप पावणारा आणि घोगरेपणाकडे झुकणारा होता, आणि ज्याला लोकप्रिय संगीताच्या बाजारात ‘हिट’ म्हणतात तसे एकही गाणे त्याच्या नावावर नव्हते. त्यातून त्याची बहुतेक गाणी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची होती आणि १९६८ हे तर बीटल्सचे आणि विजेच्या गिटारींचे वर्ष होते. तरीही त्याच काळात त्याचे बस्तान बसले, याची कारणे त्याच्या गुणांत जितकी आहेत तितकीच गाण्यांच्या बांधणीत, न्यूयॉर्कच्या कायद्यांत आणि त्या खोलीच्या आकारात आहेत.

ही जुनी गाणी अमेरिकेत ‘स्टँडर्ड’ म्हणून ओळखली जातात. स्थूलमानाने १९२० ते १९५० या तीस वर्षांत ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांसाठी आणि पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी जॉर्ज व आयरा गर्शविन हे भाऊ, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट, जेरोम कर्न, हॅरल्ड आर्लन अशा मंडळींनी हजारो गाणी रचली. नाटक एखादा हंगाम चालून बंद पडे आणि त्यातली बहुतेक गाणीही त्याच्याबरोबर विसरली जात; थोडी मात्र कथानकाचा हात सोडून स्वतंत्रपणे जगली. मराठी नाट्यसंगीताच्या रसिकाला ही प्रक्रिया वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. नाटकाचे कथानक विचारले तर श्रोत्यांपैकी निम्मे लोक गोंधळतील, पण त्यातले पद मैफलीच्या अखेरीस फर्माइशीत आल्याशिवाय राहत नाही. फरक आहे तो पुढच्या वागणुकीत. आपला गायक पदातल्या रागाचा विस्तार करतो आणि शब्द हळूहळू सुरांत विरघळू देतो; कॅबरे गायकाला मात्र शब्दाला हात लावता येत नाही, कारण त्याच्या श्रोत्याने जेवणाचे बिल भरलेले असते ते मुख्यतः शब्द नीट ऐकू यावेत म्हणून.

अशा गाण्याचा सांगाडा बहुधा बत्तीस ‘बार’चा असतो. बार म्हणजे पाश्चात्त्य तालातले एक घर. घरात चार मात्रा धरल्या तर संपूर्ण गाण्याच्या मात्रा होतात १२८. या बत्तीस घरांचे आठ-आठचे चार तुकडे पडतात : पहिला तुकडा चाल मांडतो, दुसरा तीच चाल नव्या शब्दांवर पुन्हा म्हणतो, तिसरा वेगळ्या सुरावटीत आणि पुष्कळदा वेगळ्या स्वरपट्टीत शिरतो, आणि चौथा मूळ चालीवर परत येतो. तिसऱ्या तुकड्याला ‘ब्रिज’ म्हणतात आणि आपल्या अंतऱ्याप्रमाणे त्याचे काम एकसुरीपणा मोडून मुखड्याची ओढ निर्माण करण्याचे असते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा सगळा कारभार ६४ सेकंदांत आटोपतो. एवढ्याशा जागेत प्रेमभंग, थट्टा, शहराचे वर्णन आणि वर यमकांची कसरत बसवायची असल्यामुळे या गीतकारांनी एकेका अक्षराची काटकसर केली, आणि म्हणूनच ही गाणी शंभराव्यांदा गायली तरी त्यांतून काही ना काही नवे निघते.

या बत्तीस घरांच्या अगोदर मूळ नाटकात आणखी एक भाग असे. त्याला ‘व्हर्स’ म्हणत. पात्र बोलता बोलता गाण्यात शिरते तेव्हाचा तो उंबरठा; चाल अर्धी बोलल्यासारखी, लय सैल, आणि मजकूर ‘मी हे का सांगतो आहे’ अशा थाटाचा. नाचासाठी वाजवणाऱ्या बँडना या उंबरठ्याचा काहीच उपयोग नव्हता, तीन मिनिटांच्या तबकडीत त्याला जागा नव्हती, त्यामुळे सामान्य श्रोत्याने अनेक प्रसिद्ध गाण्यांचे व्हर्स कधी ऐकलेलेच नसतात. कॅबरे गायकाने नेमकी ही टाकलेली वस्तू उचलली. ओळखीच्या गाण्याचे अनोळखी व्हर्स सुरू करायचे, श्रोत्यांना क्षणभर चाचपडू द्यायचे, आणि मग मुखडा आला की खोलीभर ओळखीचे हसू पसरते, हा या पेशातला जुना आणि अजूनही न चुकणारा डाव आहे. कोल पोर्टरसारखा गीतकार तर एकाच चालीवर कडव्यांमागून कडवी रचत असे, आणि त्यांत त्या काळच्या नट्या, लक्षाधीश, हॉटेले आणि चीजचे प्रकार यांची यादी गुंफत असे. इतर गायक दोन कडवी म्हणून थांबत. शॉर्टला पुढची कडवीही पाठ असत.

आता गाणे आणि पियानो एकाच माणसाकडे असण्याचा अर्थ पाहू, कारण कॅबरेची कारागिरी इथे सर्वांत जवळून दिसते. साथीदार वेगळा असेल तर गायक एखाद्या शब्दावर किती थांबणार याचा त्याला अंदाज बांधावा लागतो. चांगल्या साथीदाराचा अंदाज सहसा चुकत नाही, तरी तो अंदाजच असतो. स्वतःच वाजवणाऱ्याला अंदाजाची गरज नसते. ओळीतल्या शेवटच्या शब्दापूर्वी तो श्वास रोखतो तेव्हा त्याच क्षणी हातही थांबतात, आणि शब्द पडल्यावर निमिषभराने स्वरसंघ, म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार स्वर, त्याच्याखाली सरकतो. डावा हात मंद्रातला एक स्वर आणि मध्यातला स्वरसंघ यांत झुलत ठेका सांभाळतो. ‘स्ट्राइड’ नावाची ही पद्धत न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या पियानोवादकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत पक्की केली होती. उजवा हात गाताना जवळजवळ गप्प असतो आणि ओळ संपली की रिकाम्या जागेत एक छोटा तुकडा टाकतो, जणू बोलणाऱ्याने स्वतःच्याच वाक्यावर भुवई उंचवावी. हार्मोनियमवर स्वतःला साथ करीत पद म्हणणारे कीर्तनकार किंवा संगीत शिक्षक ज्यांनी पाहिले असतील त्यांना या सोयीची कल्पना येईल, पण पियानोच्या बाबतीत अडचणही मोठी आहे. दोन्ही हात अडकलेले असतात, पाय पेडलवर असतो, बसून गावे लागत असल्याने श्वासाला पुरेशी जागा मिळत नाही आणि तोंड मात्र सतत श्रोत्यांकडे वळवून ठेवावे लागते. पियानोच्या पट्ट्यांकडे पाहण्याची मुभा जवळपास नसतेच.

शॉर्टने ही विद्या कुठल्याही शाळेत मिळवलेली नव्हती. १५ सप्टेंबर १९२४ रोजी इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिल या गावी, दहा भावंडांतला नववा म्हणून तो जन्मला. वडील केंटकी राज्यात कोळशाच्या खाणीत काम करीत. महामंदीच्या त्या वर्षांत पियानो त्याने कानाने ऐकून उचलला आणि दहा वर्षांचा होण्याच्या आतबाहेर तो गावच्या आणि आसपासच्या मद्यगृहांत वाजवून घरात पैसे आणू लागला. पुढे शिकागोच्या व्यावसायिकांची नजर त्याच्यावर पडली आणि आईच्या परवानगीने हा मुलगा ‘स्विंगचा छोटा राजा’ अशा अर्थाच्या बिरुदाखाली, मोठ्यांसारखा लांब शेपटीचा कोट घालून, व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर उभा राहिला. व्हॉडव्हिल म्हणजे गाणी, नकला, कसरती असे सुटे प्रवेश एकामागून एक सादर करणारा तत्कालीन रंगमंच. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरपर्यंत तो पोहोचला. मग, आणि हे मला त्याच्या चरित्रातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते, तो गावी परतला आणि त्याने शाळा पूर्ण केली. बालकलाकारांच्या वाट्याला एरवी जे येते ते लक्षात घेतले तर हा निर्णय किती दुर्मिळ होता ते कळते.

शाळेनंतरची वीस-पंचवीस वर्षे तो शहराशहरांतून वाजवत फिरला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या ‘कॅफे गाला’मध्ये त्याचा जम बसला, पन्नाशीच्या दशकात पॅरिस झाले, आणि १९५५ पासून अटलांटिक या कंपनीसाठी त्याच्या रेकॉर्ड निघू लागल्या. ही कंपनी चालवणारे अहमद आणि नेसुही एर्तेगुन हे तुर्की राजदूताचे मुलगे पुढेही त्याच्या पाठीशी राहिले. नेमक्या याच काळात स्टँडर्डचे आयुष्य लांबवणारी एक तांत्रिक घटना घडली होती. १९४८ साली लाँग प्ले तबकडी बाजारात आली आणि एका वेळी दहा-बारा गाणी एकत्र ऐकवणे शक्य झाले. १९५६ पासून एला फिट्झजेराल्डने एकेका संगीतकाराची गाणी घेऊन रेकॉर्डची मालिका सुरू केली, आणि जुनी नाटकी गाणी म्हणजे जणू एक ग्रंथ आहे अशी दृष्टी लोकांना आली.

तरीही गायक-पियानोवादकाचा रोजचा प्रपंच तबकडीवर चालत नसे. तो खोल्यांवर चालत असे, आणि खोल्यांचे नशीब कायदेमंडळात ठरत असे. हा भाग रुक्ष वाटण्याची शक्यता आहे, पण तो वगळला तर हा पेशा पियानोभोवतीच का घट्ट झाला हे कळत नाही. न्यूयॉर्क शहराने १९२६ साली कॅबरे कायदा केला, ज्यानुसार संगीत किंवा नाच चालणाऱ्या खाद्यगृहांना वेगळा परवाना बंधनकारक झाला. १९४० च्या सुमारास त्यावर आणखी एक बेडी आली : अशा जागी काम करणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र घ्यायचे. पोलिसांनी ते काढून घेतले की त्या कलाकाराची शहरातली रोजी बुडाली. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर बिली हॉलिडे या थोर गायिकेला उर्वरित आयुष्य न्यूयॉर्कच्या क्लबांत गाता आले नाही; थेलोनियस मंक या पियानोवादकाची पन्नाशीच्या दशकातली काही वर्षे अशीच वाया गेली. ही ओळखपत्रे १९६७ साली, म्हणजे शॉर्टला कार्लाइलचे बोलावणे येण्याच्या आदल्याच वर्षी, बंद झाली.

दुसरा फास कराचा होता. महायुद्धाच्या खर्चासाठी १९४४ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने कॅबरेच्या बिलावर तीस टक्के कर बसवला. तो काही महिन्यांत वीस टक्क्यांवर आला, १९६० मध्ये दहावर आला आणि १९६५ च्या अखेरीस रद्द झाला. यातली मेख अशी की नुसते वाद्य वाजत असेल, कोणी गात नसेल आणि कोणी नाचत नसेल, तर कर लागू होत नसे. म्हणजे पियानोवादक बोटे चालवीत होता तोवर गिऱ्हाइकाच्या सुपाची किंमत एक होती आणि त्याने तोंड उघडले की ती वाढत होती. गाणाऱ्या पियानोवादकाला नोकरी देणारा मालक त्या वर्षांत ही वाढ पत्करून देत असे, हे लक्षात ठेवावे. तिसरी अट शहराची होती. साठीच्या दशकापासून, कॅबरेचा परवाना नसलेल्या खाद्यगृहातही संगीत चालेल, पण जास्तीत जास्त तीन वादकांचे आणि तेही पियानो, अकॉर्डियन, गिटार व तंतुवाद्ये यांचेच, असा नियम होता. ढोल आणि सॅक्सोफोन गोंगाटाचे मानले गेले. पियानो सभ्य ठरला. न्यायालयांनी ही बंधने १९८६ आणि १९८८ साली मोडून काढली, तोपर्यंत असंख्य छोट्या जागांत पियानो आणि फार तर एक बास, म्हणजे मंद्र सुरांचे मोठे तंतुवाद्य, हीच रचना रूढ होऊन बसली होती.

गाणी दुसऱ्यांची असताना पैसा कोणाला मिळतो, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. याचे उत्तर १९१७ सालच्या एका खटल्यात आहे. ब्रॉडवेवरच्या शॅन्लीज नावाच्या रेस्टॉरंटमध्ये व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकाराचे एक गाणे गायले जात होते. मालकाचे म्हणणे असे की आम्ही गाण्याचे तिकीट लावत नाही, केवळ जेवणाचे पैसे घेतो, तेव्हा संगीतकाराला का द्यावे? सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सांगितले की गिऱ्हाईक केवळ अन्नासाठी आलेले नसते, तसे अन्न त्याला दुसरीकडे स्वस्तात मिळाले असते. संगीताने धंद्याला काही मिळत नसते तर मालकाने ते केव्हाच बंद केले असते. त्या निकालामुळे १९१४ साली संगीतकारांनी स्थापन केलेल्या ‘अ‍ॅस्कॅप’ या संस्थेला बळ मिळाले आणि जागेच्या मालकाने संस्थेकडून एकगठ्ठा परवाना घ्यायचा, ही पद्धत रुळली. गायकाला गाणे निवडताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही आणि स्वतःच्या खिशातून दमडी द्यावी लागत नाही. उलट तो आपले मानधन जागेकडून घेतो. आपल्याकडेही १९६९ साली स्थापन झालेली ‘आयपीआरएस’ ही संस्था हेच काम करते, आणि हॉटेलवाले त्याविषयी जी कुरकुर करतात ती शॅन्लीजच्या मालकापेक्षा फारशी वेगळी नसते.

साठीच्या दशकाच्या मध्यावर कर गेला, पण श्रोतेही गेले. तरुण पिढी रॉककडे वळली, मध्यमवय टेलिव्हिजनसमोर बसले आणि जुने क्लब एकेक करून बंद पडले. शॉर्टचीही ती ओढग्रस्तीची वर्षे होती. कलाटणी मिळाली ती मे १९६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मेबल मर्सरबरोबर झालेल्या कार्यक्रमाने. १९०० साली इंग्लंडमध्ये जन्मलेली ही गायिका पॅरिसमार्गे न्यूयॉर्कला आलेली होती आणि सरळ पाठीच्या खुर्चीवर बसून, हातवारे जवळपास न करता, एकेक शब्द समोर ठेवल्यासारखी गात असे. फ्रँक सिनात्रासारख्या गायकाने आपण शब्दफेक तिच्याकडून शिकलो असे मान्य केले होते. त्या रात्री सभागृह भरले, अटलांटिकने त्याची रेकॉर्ड काढली, आणि त्याच वर्षी कार्लाइलची बदली चालून आली.

त्या खोलीत बसायला जागा सुमारे नव्वद. भिंतींवर हंगेरीत जन्मलेल्या मार्सेल व्हर्टेस या चित्रकाराने रंगवलेली स्वप्नाळू चित्रे, टेबले इतकी खेटून की शेजाऱ्याचा काटा आपल्या ताटात यावा, आणि मधोमध पियानो. रात्रीचे दोन खेळ धरले तर एका दिवशी १८० माणसे. १९६५ साली बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर एका संध्याकाळी सुमारे ५५,००० लोकांपुढे कार्यक्रम केला होता. तेवढे श्रोते गाठायला कॅफे कार्लाइल तीनशेहून अधिक रात्री रोज भरलेले असावे लागेल. या गणिताची दुसरी बाजू शॉर्टच्या फायद्याची होती. हॉटेलला त्या खोलीतून गडगंज नफा मिळणे आवश्यक नव्हते. वर खोल्या होत्या, जेवण होते, आणि ‘शॉर्ट गातो ते हॉटेल’ ही ओळख होती. गायकाला रोज नवे शहर, नवा पियानो आणि नवे ध्वनियंत्र यांच्याशी झगडावे लागत नव्हते. बास वाजवणारा बेव्हर्ली पिअर, जो तरुणपणी चिक वेबच्या प्रसिद्ध बँडमध्ये होता, वर्षानुवर्षे त्याच्याशेजारी उभा राहिला. रोज त्याच जागी गाणाऱ्याला मात्र एक शिक्षा असते : नेहमीचे श्रोते. तीच गाणी त्याच क्रमाने ऐकवली तर तिसऱ्या भेटीत ते ओळखतात. त्यामुळे गाण्यांचा साठा शेकड्यांनी लागतो आणि रोजचा क्रम खोली पाहून ठरवावा लागतो. कोल पोर्टर, नोएल कॉवर्ड, गर्शविन, रॉजर्स आणि हार्ट यांच्यावर सत्तरीच्या दशकात शॉर्टने एकेक करून रेकॉर्ड काढल्या त्या याच साठ्यातून.

या झगमगाटात एक गोष्ट झाकली जाण्याची भीती असते. मॅनहॅटनच्या सर्वांत श्रीमंत वस्तीतल्या, मुख्यतः गोऱ्या श्रोत्यांपुढे, खाणकामगाराचा कृष्णवर्णीय मुलगा डिनर जॅकेट घालून गोऱ्या उमरावी जगाची गाणी गातो, याविषयी तेव्हाही कुजबूज होती. शॉर्टचे उत्तर त्याने निवडलेल्या कृष्णवर्णीय रचनाकारांत होते. पोर्टरच्या शेजारी तो ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांना बसवत असे, फॅट्स वॉलर आणि त्याचा गीतकार अँडी रझाफ यांना बसवत असे, यूबी ब्लेक आणि नोबल सिसल यांच्या विशीच्या दशकातल्या नाटकांतली गाणी धूळ झटकून आणत असे, आणि रात्र चढली की बेसी स्मिथ या गायिकेच्या धाटणीचे रांगडे ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची दुःखगीतेही त्याच चिनीमातीच्या कपबशांपुढे म्हणत असे. अमेरिकी गीताची परंपरा केवळ गोऱ्या ब्रॉडवेची नाही, हे त्याने भाषण न देता छत्तीस वर्षे सांगितले. एलिंग्टनच्या स्मारकासाठी त्याने दीड-दोन दशके पैसा आणि पाठिंबा गोळा केला. पाचवा अ‍ॅव्हेन्यू आणि ११० वा रस्ता यांच्या तिठ्यावर, सेंट्रल पार्कच्या ईशान्य कोपऱ्यात, ते १९९७ साली उभे राहिले. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वांत कमी चर्चिली गेलेली आणि सर्वांत टिकाऊ कामगिरी आहे.

या गाण्यांचा एक धागा मुंबईपर्यंत आलेला आहे, तो इथे नोंदवणे अस्थानी होणार नाही. तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड हा शिकागोत नाव कमावलेला कृष्णवर्णीय अमेरिकी पियानोवादक वाजवत असे. १९४५ साली कलकत्त्यात त्याचा अंत झाला. हॉटेलांच्या त्या काळच्या बँडमध्ये गोव्याचे वादक होते, ज्यांनी चर्चला जोडलेल्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली होती. ब्रॉडवेची छापील गाणी समोर ठेवून ते वाजवू शकत, आणि पुढे त्यांच्यातलेच अनेक जण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले, जिथे ब्रिजनंतर मुखड्यावर परतण्याची ती बत्तीस घरांची सवयही त्यांच्यासोबत गेली असणार.

शॉर्टला पुढे मानसन्मान पुष्कळ मिळाले. अनेक अध्यक्षांच्या कारकिर्दीत त्याने व्हाइट हाउसमध्ये गाणी म्हटली, सत्तरीच्या दशकात ‘चार्ली’ या अत्तराच्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीमुळे कार्लाइलचे दार ज्यांना परवडणारे नव्हते अशा घरांतही त्याचा चेहरा पोहोचला, आणि २००० साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याचा जिवंत आख्यायिका म्हणून गौरव केला. तो स्वतःला मात्र ‘सलून सिंगर’ म्हणवून घेत असे. सलून म्हणजे इथे केस कापण्याचे दुकान नव्हे. अमेरिकी बोलीत तो गुत्त्याला जवळचा शब्द आहे. डॅनव्हिलच्या मद्यगृहांत नऊ-दहा वर्षांच्या वयात बसलेल्या माणसाने हा शब्द जपून ठेवला यात नम्रतेपेक्षा अचूकपणा अधिक आहे. २००४ मध्ये कार्लाइलमधली त्याची कारकीर्द थांबली आणि २१ मार्च २००५ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. कॅफे कार्लाइल अजून चालू आहे. त्याच तोलाची समजली जाणारी अल्गॉनक्विन हॉटेलातली ‘ओक रूम’ २०१२ साली बंद झाली. १९२६ चा कॅबरे कायदा शहराने अखेर २०१७ मध्ये रद्द केला.

ज्यांना हे सारे कानाने तपासून पाहायचे असेल त्यांनी कॅफे कार्लाइलमध्येच ध्वनिमुद्रित झालेली १९७४ ची रेकॉर्ड मिळवावी. पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा डाव्या हाताकडे. तिसऱ्यांदा, ओळ संपते आणि पुढची सुरू होते त्या मधल्या जागेत उजवा हात काय बोलतो तेवढेच ऐकावे.